ओळखीचा चेहरा आणि व्याजाचा हिशेब

रिझर्व्ह बँकेच्या ‘आरबीआय कहता है’ या मोहिमेत अमिताभ बच्चन बजावतात, की ओटीपी, पिन कुणालाही सांगू नका. बोलणं एवढंच. काही विकायचं नसतं आणि काय टाळायचं ते ऐकणाऱ्याला पक्कं कळतं. ही जाहिरात चांगलीच आहे. मात्र तिच्यावरून काढला जाणारा निष्कर्ष खोडून काढायलाच हवा: लोक नटांचं आणि क्रिकेटपटूंचं ऐकतात, तर पैशाचे प्राथमिक धडेही त्यांनीच द्यावेत.

लोक त्यांचं ऐकतात हे खरं, आणि धोकाही तिथेच आहे. 2001 ते 2013 या काळात भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर ‘सहारा’ हे नाव होतं. ऑगस्ट 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच समूहाच्या दोन कंपन्यांना गुंतवणूकदारांचे 24,000 कोटींहून अधिक रुपये व्याजासह परत करायला सांगितलं. आदेश झाल्यावरही संघ तीच जर्सी घालून मैदानात उतरत होता. पश्चिम बंगालमध्ये 2013 साली लोकांकडून ठेवी गोळा करणारा शारदा समूह कोसळला. मिथुन चक्रवर्ती त्या समूहाचे सदिच्छादूत होते. मानधनाचे सुमारे 1 कोटी 19 लाख रुपये त्यांनी 2015 मध्ये ईडीकडे परत केले, हे त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवं. पण ज्याने आयुष्याची पुंजी तिथे ठेवली, त्याचं नुकसान त्या रकमेने भरून आलं नाही.

‘तेव्हाची गोष्ट वेगळी, आता कायदा आहे,’ असं यावर सांगितलं जातं. आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ती करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा चुकल्यास 50 लाखांपर्यंत. बाजार नियामक सेबीनेही ताऱ्यांना सबंध म्युच्युअल फंड उद्योगाच्या प्रचाराची मुभा दिली आहे. एखाद्या कंपनीचा किंवा योजनेचा प्रचार त्यांना करता येत नाही. नियम योग्यच आहेत. पण ते खोट्या दाव्याला आवर घालतात, अर्धवट समजुतीला नाही. ‘म्युच्युअल फंड सही है’ हे सचिन तेंडुलकर किंवा धोनी सांगतात तेव्हा ते चूक बोलत नसतात. मात्र दोन वर्षांवर मुलीचं लग्न आलेल्या बाईने साठवलेले पैसे शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडात टाकावेत का, याचं उत्तर त्या वाक्यात नाही. तिला तेच हवं असतं.

आणि व्याजाचं काय? एक साधं उदाहरण घ्यावं. कुणी 1 लाख रुपयांचं कर्ज देऊ करतो, वर्षाला 12 टक्के ‘फ्लॅट’. व्याज 12,000, बारा हप्ते, प्रत्येकी सुमारे 9,333 रुपये. ऐकायला सरळ आहे. पण दर महिन्याला मुद्दल फिटत जातं आणि व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण लाखावरच आकारलं जातं. बँकेच्या घटत्या शिलकीच्या पद्धतीने याच 12 टक्क्यांनी हप्ता सुमारे 8,885 रुपये बसतो आणि वर्षभराचं व्याज 6,600 च्या आसपास. म्हणजे ‘फ्लॅट’ 12 टक्क्यांचा खरा दर साडेएकवीसच्या घरात जातो! हे पडद्यावरून शिकवता येत नाही. त्यासाठी समोर बसून, कर्जदाराचं हप्त्याचं कार्ड हातात घेऊन, कागदावर आकडे मांडून दाखवणारं माणूस लागतं.

मग ताऱ्यांनी गप्प बसावं का? मुळीच नाही. फसवणुकीपासून सावध करण्याचं काम त्यांच्याइतकं झपाट्याने कुणीच करू शकत नाही. शिवाय त्यांच्याकडे एक मोलाची गोष्ट असते, ती म्हणजे स्वतःचं अपयश. एबीसीएल ही आपली कंपनी बुडाली तेव्हा डोक्यावर सुमारे 90 कोटींचं कर्ज होतं, घेणेकरी दारात येत होते, हे बच्चन यांनी स्वतः सांगितलं आहे. धंद्यापायी माणूस कसा अडकतो आणि देणं फेडत पुन्हा कसा उभा राहतो, हे त्यांनी सांगितलं तर ते कोणत्याही घोषणेपेक्षा खोल रुजेल.

शिकवण्याचं काम मात्र म्हसवडसारख्या ठिकाणी झालं आहे. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात चेतना गाला सिन्हा यांनी महिलांची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा सभासद बायका निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. बायका अक्षरं गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या आणि म्हणाल्या, की कुठल्याही मुद्दलावरचं व्याज विचारा, आम्ही तोंडी काढतो. तुमच्या माणसांनीही यंत्राशिवाय काढून दाखवावं. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

जाहिरातींवरच्या खर्चातला मोठा वाटा अशा बायकांकडे, बचत गटांच्या बँक सखींकडे वळायला हवा. गटाच्या बैठकीत कर्जाचं कार्ड सतरंजीवर ठेवून ‘खरा दर किती पडला?’ असं त्यांनी विचारलं, की ज्या बाईचं ते कार्ड असतं ती स्वतःच बोटांवर मोजू लागते.