शकुंतलेची अंगठी कोणी गिळली?

मूर्तिजापूर हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील अकोला जिल्ह्यातील स्थानक. मुख्य मार्गावरून अहोरात्र गाड्या धडधडत जातात. याच स्थानकातून अवघ्या अडीच फूट रुंदीचे रूळ दोन दिशांना निघतात. एक फाटा उत्तरेस दर्यापूर, अंजनगाव ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या अचलपूरला जातो. दुसरा आग्नेयेस कारंजा, दारव्हा करीत यवतमाळ गाठतो. दोन्ही मिळून सुमारे १९० किलोमीटर. या रुळांवरून धावणाऱ्या गाडीला वऱ्हाडाने लाडाने नाव दिले 'शकुंतला'. आधी यवतमाळकडची गाडी थांबली आणि २०१९ पर्यंत अचलपूरकडचीही. ज्या गाडीने शंभर वर्षे चार जिल्ह्यांतील गोरगरिबांना वाहून नेले, तिला निरोप द्यायलाही राज्यकर्त्यांपैकी कोणी आले नाही.

ही गाडी वऱ्हाडच्या माणसासाठी जन्मलीच नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने हा मार्ग उभारला. त्यासाठी १९१० साली 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी' स्थापन झाली. हेतू स्वच्छ होता. वऱ्हाडची काळी माती पांढरे सोने पिकवते; ते मुंबईच्या बंदरावर न्यायचे आणि तेथून मँचेस्टरच्या गिरण्यांत. पुढे या मार्गावर दीर्घकाळ राबलेले वाफेचे इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच घडले होते. १५ एप्रिल १९९४ रोजी ते निवृत्त झाले आणि त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली.

परंतु लुटीसाठी टाकलेले रूळ लोकांनी आपलेसे केले, हा या कहाणीचा खरा मर्मभाग आहे. भाजीची टोपली घेऊन बाजाराला निघालेली बाई, मजुरीच्या शोधातील शेतमजूर, तालुक्याच्या महाविद्यालयात जाणारी मुले, श्रीनृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानाच्या दर्शनाला कारंजाला निघालेले दत्तभक्त, या सर्वांची ही गाडी. गाडगेबाबांचा जन्म अंजनगाव तालुक्यातील शेंडगावचा आणि बालपण गेले ते मूर्तिजापूर तालुक्यातील आजोळी. ही दोन्ही टोके जोडणारा लोहमार्ग हाच. बाबांनी ज्या दरिद्री माणसात देव पाहिला, त्याच माणसाचे हे वाहन होते. ते हिरावून घेताना कोणती कारणे दिली गेली, ती एकदा तपासली पाहिजेत.

पहिले कारण मालकीचे. 'हा मार्ग अजून इंग्रजांचा आहे, सरकार काय करणार?' असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. ऐकणाऱ्याचे रक्त तापते. पण तापलेल्या रक्ताने विचार मात्र थांबतो. वस्तुस्थिती अशी की, मूळची ब्रिटिश असलेली ही पेढी कधीच भारतीय हाती आली आहे. १९५१ साली मध्य रेल्वे अस्तित्वात आली, देशातील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा हा चिमुकला मार्ग मात्र कंपनीच्या नावावरच राहिला. गाडी रेल्वेची, कर्मचारी रेल्वेचे, रूळ कंपनीचे आणि त्यांचा मोबदलाही कंपनीला! मार्ग विकत घेण्याची वाट बंद नव्हती. संधी आल्या आणि गेल्या. 'व्यवहार परवडणारा नाही' या एका शेऱ्याने प्रत्येक वेळी धारिका मिटली. तेव्हा अडथळा लंडनमध्ये नव्हता, दिल्लीच्या कपाटात होता. परकीयांच्या नावाने बोटे मोडणे सोपे असते. स्वकीयांच्या अनास्थेचा जाब विचारणे अवघड. स्वाभिमानाची खरी कसोटी या दुसऱ्या कामात लागते.

दुसरे कारण तोट्याचे. 'शकुंतला तोट्यात होती' हे खरेच. पण ती तोट्यात गेली कशी? मार्ग आपला नाही म्हणून त्यावर खर्च करायचा नाही. खर्च नाही म्हणून रूळ खिळखिळे. रूळ खिळखिळे म्हणून वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. वेग नाही म्हणून ११३ किलोमीटरच्या मूर्तिजापूर-यवतमाळ प्रवासाला सहा-सात तास. एवढा वेळ लागतो म्हणून प्रवासी कमी, आणि प्रवासी कमी म्हणून गाडी बंद! रोग्याचे अन्न तोडायचे आणि मग तो अशक्त झाला म्हणून त्याला दोष द्यायचा, असा हा न्याय आहे. कर्मचारी इतके थोडे की, गाडीबरोबरच्या माणसांनीच खाली उतरून फाटक लावायचे, सिग्नल द्यायचा आणि तिकिटेही फाडायची. अशा अवस्थेतही ती धावत राहिली, याचे श्रेय त्या अज्ञात कर्मचाऱ्यांना आहे.

तिसरे कारण रस्त्यांचे. आता डांबरी सडका झाल्या, एसटी आहे, काळी-पिवळी आहे. मग रेल्वे हवी कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्याच्या खिशात बहुधा गाडीची किल्ली असते. शकुंतलेचे भाडे एसटीच्या भाड्याच्या एका लहानशा हिश्श्याइतके होते. ज्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी सारा देश हादरला, त्याच यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीममधून ही गाडी जात होती. तेथे जाण्यायेण्याचे वाचलेले पन्नास-शंभर रुपये म्हणजे घरातल्या दोन दिवसांच्या मिठामिरचीची सोय. हा हिशेब रेल्वेच्या ताळेबंदात मांडला जात नाही. म्हणून तो खोटा ठरत नाही.

या तिघांखेरीज शकुंतलेचे आणखी एक हितशत्रू आहेत, ते म्हणजे तिचे रसिक चाहते. त्यांना ही गाडी 'वारसा' म्हणून हवी आहे. चिमुकले डबे, जुनी स्थानके, त्यांची छायाचित्रे. वारसा जपावा, त्यात वावगे काहीच नाही. २०१९ च्या पावसात वाहून गेलेला नेरळ-माथेरान मार्ग दुरुस्त झाला आणि २०२२ मध्ये ती गाडी पुन्हा डोंगर चढू लागली, याचा आनंदच आहे. पण माथेरानची गाडी पर्यटकाची. शकुंतला पोटासाठी हिंडणाऱ्याची. दर्यापूरच्या मजुराला रविवारची सहल नको, सोमवारची सकाळची गाडी हवी.

त्यासाठी उपाय एकच, रुंदीकरण. लोकांनी सत्याग्रह केले, निवेदने दिली. अमरावतीचे तत्कालीन खासदार आनंदराव अडसूळ यांनी पाठपुरावा केला. २०१६ साली सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना सुमारे १,५०० कोटी रुपयांच्या रुंदीकरणाची घोषणा झाली. वऱ्हाडात दिवाळी साजरी झाली. पण घोषणेमागून गाडी काही आली नाही. हे अशक्य काम आहे काय? शेजारच्या अकोला-अकोट मार्गाचे रुंदीकरण होऊन २०२२ मध्ये त्यावर गाडी धावली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाच्या वर्धा-कळंब टप्प्यावरील गाडीला २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखवला. हा मार्ग पुढे यवतमाळवरून दारव्ह्याकडे जायचा आहे. तेथून कारंजामार्गे मूर्तिजापूर जोडले, तर नांदेडकडील मार्ग थेट मुंबईच्या मुख्य मार्गाला मिळतो. म्हणजे शकुंतलेचे पुनरुज्जीवन ही कोणावरची दया नाही. ते रेल्वेच्याही हिताचे आहे.

मात्र एक सावधगिरी हवी. रूळ रुंद व्हावेत आणि त्यावरून केवळ मालगाड्या व अतिजलद गाड्या सुसाट जाव्यात, खेड्यातील थांबे पुसले जावेत, असे झाले तर ती पुन्हा मँचेस्टरचीच नीती ठरेल. फक्त मालक बदललेला असेल. म्हणून मागणी नेमकी हवी: कालबद्ध रुंदीकरण, मालकीच्या प्रश्नाचा कायमचा निकाल आणि छोट्या स्थानकांवर थांबणारी स्वस्त पॅसेंजर गाडी. सत्तेवर कोणीही असो, वऱ्हाडातील प्रत्येक लोकप्रतिनिधीकडून मतांआधी या तीन गोष्टींचे लेखी उत्तर घेतले पाहिजे.

कालिदासाच्या नाटकात दुष्यंताला शकुंतलेचा विसर पडला, तो दुर्वासांच्या शापाने. दिल्लीच्या विस्मृतीला तर शापाचेही निमित्त नाही. हरवलेली अंगठी नाटकात सापडली ती एका साध्या कोळ्याला. राजपुरुषांनी आधी त्यालाच चोर ठरवून दरडावले. पण ती अंगठी पाहताच राजाला सारे आठवले. शकुंतलेची अंगठी आज वऱ्हाडच्या सामान्य माणसाच्या हाती आहे. ती दरबारात नेऊन दाखवण्याचे काम त्यालाच करावे लागेल, दरडावणी सोसून, आणि राजाला आठवेपर्यंत.