तांब्याचा लाल

मुखपृष्ठावरची फुलदाणी चीनमधल्या जिंगदेझेनची. १७०५ ते १७१२ या काळात जिआंगशी प्रांताचा कारभार पाहणाऱ्या लांग तिंगजी यांच्या नावाने ही लाल झिलई ओळखली जाते. हा लाल तांब्याचा. भट्टीत प्राणवायू कमी ठेवला तरच तो खुलतो. जास्त झाला की हिरवट पडतो. ऐन आचेत झिलई पातळ होऊन ओघळते. म्हणून काठ पांढरा उरतो, मानेवर लाली विरळ आणि पोटाखाली दाट, जवळजवळ काळपट. उंच मान, उतरते खांदे हा घाट मला त्या ओघळासाठीच घडवल्यासारखा वाटतो. कारागिराची खरी कसोटी मात्र बुडाशी: ओघळ तिथे नेमका थांबलाय, थेंबभरही पुढे नाही. तेवढं दिसावं म्हणून चित्रावर एकही अक्षर छापलेलं नाही.