बंद डबा

गेल्या पंधरवड्यात आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. सैन्यात हवालदार आहे. सियाचीनच्या बर्फात काही महिने काढून रजेवर उज्जैनला आला होता. नमस्कार झाला, चहा झाला, आणि आमच्या सौभाग्यवतींनी गृहिणीचा ठरलेला प्रश्न विचारला, "तिकडे जेवता काय रे बाबा?"

"डबे, काकू," तो म्हणाला. "वर पाणी लवकर उकळतं, पण डाळ काही शिजत नाही. मग डब्यातलं नि पाकिटातलं गरम करून खायचं. मटणाचा डबा निघाला की पोरं खूश असतात. पण खरं सांगू का सर, डबा उघडताना दर वेळी हात जरा थांबतोच. आत काय असेल!"

तो हसला, आम्हीही हसलो. परंतु तो गेल्यावर बराच वेळ आमच्या मनात दुसराच एक डबा घोळत राहिला. आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर तो जवळजवळ चाळीस वर्षे पडून होता, आणि तो कोणीही कधी उघडला नाही.

आमचे आजोबा १९४१ साली सैन्याच्या रसद खात्यात कारकून म्हणून भरती झाले आणि बसऱ्याच्या कोठारावर नोकरी करून १९४६ मध्ये परतले. घराणे शाकाहारी, सोवळ्याओवळ्याचे. समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला गल्लीतील वडीलधारी मंडळी तेव्हा दोनच प्रश्न विचारीत: पैसे किती आणले, आणि तिकडे खाल्ले काय? आजोबांनी क्षिप्रेवर स्नान केले, घरी सत्यनारायण केला आणि दुसऱ्या प्रश्नाला "वरणभात" असे उत्तर देऊन तो विषय मिटवला. परंतु त्यांच्या लोखंडी पेटीच्या तळाशी एक पत्र्याचा डबा निघाला. त्यावरचा कागद केव्हाच गळून गेला होता. आजीने विचारले तेव्हा "विलायती दूध आहे" असे ते म्हणाले. "दूध असतं तर तुम्ही पहिल्याच दिवशी उघडून पोरांना दिलं असतंत," एवढेच आजी म्हणाली. तिने डबा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही. तो माळ्यावर गेला.

डब्यात अन्न टिकवण्याची ही विद्या फार पुरातन नाही. सैन्य पोटावर चालते, हे वचन नेपोलियनच्या नावावर सांगतात; पण ते समजण्यासाठी मराठी माणसाला फ्रान्सला जाण्याचे कारण नाही. आपल्या लष्करामागे बाजार चाले आणि वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणीत. १७६१ साली पानिपतावर रसदेची ही वाट तुटली आणि भुकेने व्याकूळ झालेले सैन्य रणात उतरले. शिंद्यांच्या या जुन्या नगरीत त्याविषयी अधिक सांगायला नको.

त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी फ्रान्समध्ये निकोला अपेर नावाच्या एका हलवायाने काचेच्या बाटल्यांत अन्न भरले, बुचे घट्ट बसवली आणि त्या बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. अन्न महिनोन्‌महिने टिकले. १८१० साली सरकारने त्याला बारा हजार फ्रँकचे पारितोषिक दिले. त्याच वर्षी इंग्लंडात पीटर ड्युरँड याने पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले. दौलतराव शिंद्यांनी उज्जैनची राजधानी ग्वाल्हेरास हलवली, तेही याच १८१० च्या सुमारास. एकीकडे आमच्या गावाचे वैभव उठून चालले होते आणि दुसरीकडे हा पत्र्याचा डबा जगात येत होता. पुढे तीन वर्षांत लंडनजवळच्या डाँकिन यांच्या कारखान्यातून मांसाचे डबे बाहेर पडू लागले आणि इंग्रजांच्या आरमारात पोहोचले.

या डब्याच्या इतिहासात तीन गूढे आहेत. पहिले गमतीचे. डबा निघाला १८१० मध्ये आणि तो उघडण्याचे खास हत्यार निघाले १८५५ च्या पुढे! मधली चाळीस-पंचेचाळीस वर्षे लोक छिन्नी-हातोडा घेऊन डब्याशी झुंजत होते.

दुसरे गूढ असे की डब्यातले अन्न टिकते का, हे तो करणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. हवा काढली म्हणून टिकते, अशी समजूत होती. नासवणारे सूक्ष्म जंतू असतात आणि उष्णतेने ते मरतात, हे लुई पाश्चरने १८६० च्या दशकात दाखवले. त्यांतही एका जातीच्या जंतूंची बीजे अशी चिवट असतात की नुसत्या उकळीला दाद देत नाहीत. बंद, हवाविरहित डबा तर त्यांना फारच मानवतो, आणि तेथे ते जे विष तयार करतात त्याला ना धड वास असतो ना चव. म्हणून मांसाचे डबे दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापवतात. घरच्या कुकरचेच हे थोरले भावंड म्हणावयाचे. सियाचीनवर पाणी ऐंशी-ब्याऐंशी अंशांवरच उकळते आणि डाळ कच्ची राहते. ती उणीव मैदानातल्या कारखान्याने आधीच भरून काढलेली असते.

अज्ञानात केलेली गोष्टही कधी उत्तम साधते. १८२४ साली पॅरी या दर्यावर्दीने उत्तर ध्रुवाकडे नेलेला मांसाचा एक डबा न उघडता परत आला. शंभराहून अधिक वर्षांनी शास्त्रज्ञांनी तो उघडला, तेव्हा आतले मांस उंदरांनी खाल्ले आणि त्यांना काही बाधा झाली नाही. उलट १८५२ साली इंग्रजी आरमाराच्या कोठारात एका कंत्राटदाराचे डबे उघडून पाहिले, तेव्हा डब्यांमागून डबे सडके निघाले आणि माणसांना त्या दुर्गंधीत उभे राहवेना. याच कंत्राटदाराचे हजारो डबे घेऊन १८४५ साली फ्रँकलिनची दोन जहाजे ध्रुवप्रदेशात गेली होती. गेलेल्या १२९ माणसांपैकी एकही परतला नाही. डब्यांच्या डाखातले शिसे त्यांना बाधले काय, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून चालूच आहे.

तरीही या मांसाच्या डब्यावर माणसांचा लोभ जडतो, हेही खरे. १९३७ साली अमेरिकेत 'स्पॅम' नावाचा डुकराच्या मांसाचा डबा निघाला आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्यांबरोबर जगभर पसरला. हवाई बेटांवर आजही भाताच्या मुटक्यावर स्पॅमची चकती ठेवून लोक आवडीने खातात. कोरियात युद्धानंतरच्या उपासमारीत सैन्याच्या छावणीतून मिळालेल्या डब्यांचे तिखट कालवण करीत. आज सुस्थितीतले लोक तेच कालवण हॉटेलात मागवतात. ज्या अन्नाने अडीअडचणीच्या काळी तारले, त्याची चव जिभेपेक्षा मनात अधिक राहते. परप्रांतात राहणाऱ्या आपल्या घरांना हे कळणे अवघड नाही. कोकणातून आलेला आमरसाचा डबा आपण उज्जैनात उघडतो, तेव्हा तो हापूस काही झाडावरचा नसतो. तरी पहिला चमचा तोंडात घालताना घर गप्प होतेच की नाही?

आता तिसरे गूढ, आणि हेच आमच्या माळ्यावर होते: आत आहे काय?

आपल्याकडे अन्न हे नुसते पोटाचे कधीच नव्हते. पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिक फ्रान्सच्या आघाडीवर गेले, तेव्हा त्यांच्यासाठी झटक्याची आणि हलालची व्यवस्था वेगवेगळी ठेवावी लागली. ब्रायटनच्या राजवाड्यात जखमी हिंदी शिपायांचे रुग्णालय होते. तेथे शाकाहारी, मांसाहारी आणि मुसलमान अशा सैनिकांसाठी स्वतंत्र मुदपाकखाने होते. पुढे कूत-अल्‌-अमारा येथे तर कसोटीच लागली. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांच्या वेढ्यात अडकलेल्या त्या सैन्यात तीन मराठा पलटणी होत्या: १०३वी, ११०वी आणि ११७वी. धान्य संपत आले, तेव्हा घोडे मारून त्यांचे मांस वाटले जाऊ लागले. हिंदी सैनिकांपैकी बहुसंख्यांनी ते नाकारले. हिंदुस्थानातून धर्माधिकाऱ्यांच्या संमतीचे संदेश आले, तरी कित्येकांनी बरेच दिवस त्या मांसाला हात लावला नाही. घोडा निदान डोळ्यांना दिसत होता. नाही म्हणायला जागा होती. बंद डब्यात काय आहे ते दिसत नाही. तेथे दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते.

१९८२ च्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. आम्ही बारा वर्षांचे होतो आणि नुकतेच इंग्रजी शिकू लागलो होतो. दिसेल त्या बाटलीवरचे, डब्यावरचे इंग्रजी मोठ्याने वाचून दाखवण्याचा आम्हांला नाद लागला होता. रात्री गच्चीवर अंथरुणे पडली होती. आजोबा बराच वेळ आमचे वाचन ऐकत होते, मग आपणहून बोलू लागले.

"बसऱ्याला सातारा-रत्नागिरीकडची पोरं होती. कित्येकांना अक्षर येत नव्हतं. मांसाचा डबा मिळाला की माझ्याकडे यायची. 'भाऊसाहेब, बकऱ्याचंच आहे ना?' मी कागद वाचायचो आणि सांगायचो. गोऱ्यांचे डबेही त्याच कोठारात असत, म्हणून पोरांना धास्ती. माझ्या शब्दावर खायची. एकदा जहाजातून भिजलेली पेटी आली. सगळ्या डब्यांचे कागद निघालेले, पेटीवरची खूण पुसलेली. पोरं दूर वाळवंटात निघायची होती, दुसरं काही द्यायला नव्हतं. त्यांनी विचारलं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, बकऱ्याचं आहे."

"आणि होतं का?"

आजोबा थोडे थांबले. "त्यातला एक डबा मी ठेवून घेतला. म्हटलं, उघडून पाहू."

"मग उघडला का नाहीत?"

"उघडून काय केलं असतं? पोरं तर खाऊन निघून गेली होती."

पुढच्याच वर्षी आजोबा गेले. आम्ही हे कोणापाशी बोललो नाही. स्वतः अन्नाचा नेम सांभाळून आलेल्या त्या माणसाच्या मनावर दुसऱ्यांच्या नेमाचे ओझे छत्तीस वर्षे होते, हे कळण्याचे आमचे वय नव्हते. ते आता कळते. त्या पोरांना उपाशी धाडायला हवे होते, असे म्हणण्याचे धाडस आम्हांला होत नाही. आणि आजोबांनी केले ते योग्यच केले, असेही आमच्याने म्हणवत नाही.

१९८५ च्या पावसाळ्यात माळा आवरताना तो डबा दोन्ही बाजूंनी फुगलेला दिसला. डबा फुगला म्हणजे आत वायू झाला. जंतूंनी होवो वा पत्रा खाल्ला गेल्याने होवो, असा डबा उघडू नये, चाखू तर मुळीच नये. वडिलांनी परसात लिंबाच्या झाडाखाली हातभर खड्डा खणला आणि डबा तसाच पुरला. आजी ओसरीवर बसून पाहत होती.

"काय होतं रे त्यात शेवटी?" तिने विचारले.

"दूध, आई," वडील म्हणाले.

"बरं," आजी म्हणाली, आणि जपमाळ पुढे सुरू झाली.

आज डब्यांवर पुष्कळ काही लिहिलेले असते: घटक, वजन, केल्याची तारीख, मुदत. शाकाहाराची हिरवी खूण आणि मांसाहाराची तपकिरी खूण २००१ पासून कायद्याने आली. आता अक्षर न येणाऱ्यालाही डबा वाचता येतो. म्हैसूरला १९६१ साली स्थापन झालेल्या संरक्षण खात्याच्या अन्न-संशोधन प्रयोगशाळेने सैनिकांसाठी तयार अन्नाची पाकिटे सिद्ध केली. १९८४ मध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले, तेव्हा त्यांच्यासोबत तिथलेच खाद्यपदार्थ होते. हे सगळे चांगलेच झाले. आजोबांच्या हाती अशी एखादी खूण असती, तर त्यांना तो एक शब्द उच्चारावा लागला नसता.

तथापि ज्या अन्नावर काहीच लिहिलेले नसते, असे अन्न आम्ही रोज पाहतो. आमच्या शाळेत दुपारी बारा-साडेबाराला मध्यान्ह भोजनाची पातेली येतात. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने ते चाखावे, असा नियम आहे. २०१३ साली बिहारमध्ये शाळेतल्या जेवणातून विषबाधा होऊन २३ मुले दगावली. तेव्हापासून त्या नियमाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. काम गडबडीचे असते, वही समोर असते, न चाखताही सही करता येते. ओळीत बसलेली मुले आमच्याकडे पाहत नसतात, ताटाकडे पाहत असतात. पातेल्यात काय आहे, असे त्यांपैकी कोणी विचारीत नाही.

विद्यार्थ्याला निरोप देताना आम्ही सहज विचारले होते, "डब्यावरची तारीख कोण पाहतं रे तुमच्यात?"

"आमच्या तुकडीत मीच पाहतो, सर," तो म्हणाला. "मी वाचल्याशिवाय कोणी उघडत नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेत पातेल्याचे झाकण काढले, तेव्हा आम्ही नेहमीसारखा टोकभर चमचा न घेता वाटीभर डाळ घेतली आणि मुलांच्या ओळीत बसून ती संपवली. मग सही केली.