परत पाठवलेल्या बाईचा आकडा कुठे आहे?

मैत्रिणींनो, पोलीस सुधारणांची चर्चा निघाली की बदल्या, नेमणुका आणि मंत्र्यांची ढवळाढवळ यांवरच सगळे बोलतात. प्रकाश सिंह खटल्याचा निकाल २००६ चा. महाराष्ट्राने पोलीस कायदा दुरुस्त केला २०१४ मध्ये. तेव्हाही भर याच गोष्टींवर.

सरकारी गुन्हे-अहवाल नोंदवलेले गुन्हेच मोजतो. ‘घरचं भांडण, घरीच मिटवा’ म्हणून जिला ठाण्याच्या दारातून वळवलं, ती त्यात नाहीच. वर गुन्हे कमी म्हणून ठाणेदाराची पाठ थोपटायची! अशा आकड्यांवर बेतलेला कायदा आंधळा असणार, असं मी म्हणते.

मध्य प्रदेशात १८० पोलीस ठाण्यांत झालेला एक अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला. कोणत्या ठाण्यांना महिला मदत कक्ष द्यायचे आणि कोणत्यांना नाही, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. कक्ष मिळालेल्या ठाण्यांत स्त्रियांवरील अत्याचारांची नोंद वाढली. महिला पोलिसांकडे कक्ष होता तिथे अधिकच. दडपलेलं कागदावर आलं. पण तिथे नुसता फलक लावला नव्हता. बोलायला आडोसा होता, पोलिसांना प्रशिक्षण होतं, वस्तीतल्या बायकांशी संपर्क होता.

हे सारं मला कायद्याच्या कलमात हवं आहे. परिपत्रक नको, ते साहेबांच्या बदलीबरोबर फायलीत जातं. आणि परत पाठवलेल्या प्रत्येक बाईची कारणासह नोंद ठेवणं ठाण्यावर बंधनकारक करा. तोवर ती नोंद आपल्या केंद्रांच्या वह्यांत आहे. नावं झाकून ती मोजू या आणि अधिवेशनाआधी आमदारांपुढे ठेवू या.