बारा वाजून नऊ मिनिटं

गोंदियात सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी बारा वाजून नऊ मिनिटांनी. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरून ठरते आणि आपण त्याच्या थोडे पश्चिमेला. मुंबईची माध्यान्ह आणखी अर्ध्या तासाने होते, घड्याळ मात्र दोघांचं एकच.

मॉरिशसचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. पण गंमत अशी की तिथली माध्यान्हही बारा वाजून दहाच्या आसपासच. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला एकवीस अंशांवर, ते दक्षिणेला वीस. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज तिथे आहेत. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

ऋतू मात्र उलटे. मे महिन्यात आपल्याकडे तेंदूपत्ता तोडणारे पहाटेच जंगल गाठतात, कारण उन्हं चढली की हात चालत नाहीत. तिकडे तेव्हा हिवाळा येऊ घातलेला, जूनपासून ऊसतोड. आपल्याकडे पाऊस लागला की धानाची रोवणी, आणि तिला कुठलं घड्याळ?

२००८ मध्ये मॉरिशसने उन्हाळ्यापुरतं घड्याळ तासभर पुढे केलं होतं. पुढच्या वर्षी तो नाद सोडला. बरंच केलं, म्हणावं.