मॅगझिनमधली वाळू

२००३ साली अमेरिकी फौजा इराकमध्ये उतरल्या आणि त्यांच्या एम-९ या ९ मिमी पिस्तुलाविषयी तक्रारी येऊ लागल्या: गोळी सुटते, पण पुढचे काडतूस वर येत नाही. बेरेटा ९२ या इटालियन रचनेवर आधारलेले हे पिस्तूल १९८५ मध्येच स्वीकारले गेले होते. त्यामुळे मूळ रचनेलाच दोष देणे कठीण होते. संशय मॅगझिनवर गेला. सरकारी विनिर्देशानुसार दुसऱ्या पुरवठादाराने बनवलेल्या या मॅगझिनवर फॉस्फेटचा जाड लेप होता. गंज रोखायला तो उत्तम, कारण त्याचा खरबरीत, सच्छिद्र पृष्ठभाग तेल धरून ठेवतो. मात्र जो पृष्ठभाग तेल धरतो, तो धूळही धरतो. आणि पंधरा काडतुसांची दुपदरी रांग त्याच भिंतींना घासत वर सरकते.

वाढलेले घर्षण येथे इतके महाग का पडते, हे समजून घ्यायला हवे. गोळी सुटताना मिळणारी प्रतिक्षेपाची ऊर्जा स्लाइडला मागे ढकलते, परंतु काडतुसे वर लोटण्याचे काम मॅगझिनची स्प्रिंग एकटी करते. त्या ऊर्जेतला वाटा तिला मिळत नाही. स्लाइडची ये-जा सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात संपते. तेवढ्यात काडतूस जागेवर पोहोचले नाही, तर स्लाइड रिकाम्या चेंबरवर मिटते आणि चाप ओढणाऱ्याला ते पुढच्या वेळी कळते.

फटी मोठ्या ठेवल्या की शस्त्र धुळीला दाद देत नाही, हा लोकप्रिय समज अर्धाच खरा आहे. मोठी फट कणाला बाहेर पडू देते, तशी आतही येऊ देते. सर्वाधिक अपाय करतो तो फटीच्याच मापाचा कण. म्हणूनच अमेरिकी लष्कराचे मिल-एसटीडी-८१० हे चाचणीमानक १५० मायक्रॉनपर्यंतची धूळ आणि १५० ते ८५० मायक्रॉनची वाळू वेगळी तपासते. त्यात वंगणाचा पेच: तेल कमी तर धातू धातूला घासतो, जास्त तर धुळीशी मिसळून घर्षक लगदा होतो.

चाचण्यांचे आकडेही जपून वाचावेत. एम-४ कार्बाइन हे पिस्तूल नव्हे, पण तिचा दाखला बोलका आहे: २००७ मधल्या दोन तीव्र धूळचाचण्यांत, प्रत्येकी ६०,००० फैरींमागे, ती एकदा ३०७ वेळा अडली आणि दुसऱ्यांदा ८८२ वेळा. शस्त्र तेच असूनही एवढी तफावत पडत असेल, तर एका चाचणीवरून विश्वासार्हतेचा निर्वाळा देणे धाडसाचे आहे.

पिस्तुलाच्या बाबतीत धोका आणखी एका कारणाने वाढतो. ते दीर्घकाळ होल्स्टरमध्ये राहते, क्वचितच झाडले जाते, आणि भरलेले मॅगझिन सुटे करून पुसण्याचा प्रसंग त्याहून क्वचित येतो. परिणामी बिघाड साचत जातो, पण दिसत नाही. तो उघड होण्याची शक्यता असते ती नेमकी मुख्य शस्त्र निकामी झाल्यावर.

एम-९ च्या या दुखण्यावर इलाज सापडला तो मॅगझिनला गुळगुळीत, कोरडा लेप देण्यात. मरीन कोअरच्या एम-९ए१ सोबत अशी वाळूरोधक मॅगझिन आली. म्हणून वाळवंटासाठी पिस्तूल निवडणाऱ्या कोणत्याही दलाने, प्रत्यक्ष पुरवली जाणारी मॅगझिन भरलेल्या अवस्थेत धुळीत ठेवून केलेली नाही अशी चाचणी ग्राह्य धरू नये.