बांबू कोणाचा आणि चोर कोण ?

बुरुडानें टोपली विणावी, कुणब्यानें तिच्यांतून शेणखत वाहावें, आणि बांबू रानांतून आणला म्हणून जंगलखात्याच्या शिपायानें बुरुडाची मानगूट धरावी, ही रीत या देशांत पुष्कळ वर्षें चालली. सन १९२७ च्या जंगल कायद्यानें बांबूला झाड ठरविलें होतें. बांबू हें गवत, ही गोष्ट बुरुडाच्या पोराला ठाऊक. कायदेपंडितांस ती कळावयास ९० वर्षें लागलीं! २०१७ सालीं बांबूचें नांव झाडांतून निघालें, पण मोकळा झाला तो रानाबाहेरचाच.

रानांतल्या बांबूसाठीं भांडले ते गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या लहानशा गांवचे गोंड. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणें २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर रानावर गांवाचा सामुदायिक हक्क मान्य झाला. कागद मिळाला, पण बांबू बाहेर नेण्याचा परवाना जंगलखातें देईना ! अखेर एप्रिल २०११ मध्यें केंद्राचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश गांवांत आले, तेव्हां परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं पडलें.

गोंडांच्या हातीं रान गेलें म्हणजे तें तुटलेंच, असें म्हणणारे विद्वान शहरांत पुष्कळ आहेत. त्यांनीं ऐकावें. हक्काचा कागद येण्याच्या कितीतरी आधीं या गांवानें एकमतानें नियम केले: फळझाड तोडावयाचें नाहीं, रानाला आग लावावयाची नाहीं, राखण गांवानेंच करावयाची. मध काढतांना माशा जळूं नयेत म्हणून निराळी रीतही ते शिकले. माशी जगली तर फूल फळतें, हें त्यांस कोणीं पोथींतून सांगावें लागलें नाहीं. पावसाचा नेम तर आतां सुटलाच आहे. महिनाभर दडी आणि मग एका रात्रींत पूर. तें पाणी अडविणारें रान वर उभें असेल तरच खालच्या कुणब्याच्या विहिरीला झरा राहील.

जंगलखात्यानें गरिबांचीं चराऊ रानें गिळलीं, हें जोतीरावांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' यांत लिहून ठेविलें. तेव्हां हें दुखणें एकट्या गोंडांचें नव्हे. शेतकरी बंधूंनो, रानालगत तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षें, राहून त्यावर पोट भरणाऱ्या इतर जातींसही हा कायदा लागू आहे. दावा ग्रामसभेपुढें करावयाचा. जुना कागद नसला तरी गांवांतील इतर वृद्धांची लेखी जबानी पुराव्यांत धरतात. ते म्हातारे हयात आहेत तोंवर ती लिहून घ्या.